जिल्हा परिषदेची शाळा पारखायची कशी? सातारा-सांगलीच्या पालकांसाठी

मे महिन्यात गावोगावी हा प्रश्न निघतो: पोराला गावातल्या मराठी शाळेत घालायचं, की पिवळ्या बसमधून तालुक्याला पाठवायचं? उत्तर बहुतेक वेळा शाळेच्या भिंती बघून ठरतं. रंग ताजा, कंपाउंडवर चित्रं, वर्गात टीव्ही, की शाळा चांगली. पत्रा गंजलेला, की वाईट. हे दोन्ही निष्कर्ष चुकू शकतात. शाळा खरी कळते ती मधल्या आणि मागे पडलेल्या मुलांवरून. हुशार मूल कुठल्याही शाळेत वाचायला शिकतं. घरी कुणी शिकवणारं नसलेलं पोर तिसरीत नवा उतारा वाचतं का, हे बघायचं. पुढचं सगळं त्यासाठीच.

दोन फेऱ्या, एक साधी वही, घड्याळ आणि घरबसल्या अर्धा तास, एवढंच लागतं.

आधी घरबसल्या

प्रत्येक शाळेला 11 अंकी यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र 27), पुढचे दोन जिल्ह्याचे: सातारा 31, सांगली 35. हा क्रमांक शाळेच्या फलकावर किंवा दाखल्यावर सापडतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल'मध्ये तो टाकला, की शाळेचं प्रगतिपत्रक उघडतं. त्यात वर्गवार पटसंख्या, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं, वीज, पाणी अशी माहिती असते.

त्यातला पट सगळ्यात कामाचा, पण तो एका वर्षाचा बघून काही कळत नाही. तीन वर्षांचे आकडे कागदावर तिरके जोडा: पहिल्या वर्षीची पहिली, दुसऱ्या वर्षीची दुसरी, तिसऱ्या वर्षीची तिसरी. समजा हे आकडे 24, 23, 17 असे आले. मग दुसरी ते तिसरीत सहा मुलं गेली कुठे? शेजारच्या गावात इंग्रजी शाळेची बस सुरू झाली असेल, चांगल्या बाईंची बदली झाली असेल, नाहीतर कुटुंबंच स्थलांतरित झाली असतील. तिन्हींचा अर्थ वेगळा, म्हणून घाईनं ठरवू नका. शाळेत गेल्यावर विचारायचा पहिला प्रश्न मात्र मिळाला.

ही माहिती शाळाच भरते, हे लक्षात ठेवा. 'मुलींचे स्वच्छतागृह: आहे' असं लिहिलेलं असतं. कुलूप आहे का, ते लिहिलेलं नसतं.

कधी जायचं

15 ऑगस्ट, 26 जानेवारी, स्नेहसंमेलन आणि कुणी साहेब येणार असतील तो आठवडा टाळा. त्या दिवशी शाळा नटलेली असते. शनिवारही नको, सकाळची शाळा असते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेर, किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर जानेवारीपर्यंतचा साधा मंगळवार-बुधवार बरा. दुसरी फेरी मुद्दाम गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी मारा. बाजारादिवशी पोरं घरी ठेवायची सवय अजून बऱ्याच गावांत आहे. त्या दिवशीही वर्ग भरलेला दिसला, तर शाळेनं पालकांशी चांगलं जमवलंय असं समजा. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडची शाळा असेल तर एक फेरी जुलैतच हवी. कौलं कुठं गळतात आणि गळतीच्या दिवशी दोन वर्ग एका खोलीत कोंबतात का, हे उन्हाळ्यात दिसत नाही.

आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना फोन करा. अचानक वर्गात घुसणं बरं नाही, आणि त्यानं काही जास्त सापडतही नाही. 'मुलाला घालायचंय, परिपाठापासून मधल्या सुट्टीपर्यंत बसून बघू का?' असं सरळ विचारा. चांगल्या शाळेला याची अडचण वाटत नाही. मुलांचे फोटो काढू नका.

परिपाठाला पंधरा मिनिटं आधी पोचा. उपस्थिती फलकावरचा आकडा वहीत लिहा आणि रांगेतली डोकी मोजा. पुढे खिचडीच्या वेळी ताटंही मोजा. तिन्ही आकडे एकदोनच्या फरकानं जुळायला हवेत. आठदहाचा फरक असेल, तर बाकीच्या कागदांवरही किती विश्वास ठेवायचा ते ठरवता येईल.

शिक्षक किती, आणि शाळेत किती दिवस

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार, 121 ते 200 ला पाच. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा यांचे वेगवेगळे शिक्षक अपेक्षित आहेत. वर्षाला पहिली ते पाचवीसाठी किमान 200 दिवस शाळा भरायला हवी, सहावी ते आठवीसाठी 220.

आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या बहुतेक शाळा दोनशिक्षकी. बत्तीस मुलं, चार वर्ग, दोन गुरुजी. कागदावर हे प्रमाण उत्तम दिसतं. प्रत्यक्षात एक जण बैठकीला किंवा प्रशिक्षणाला गेला, की दुसऱ्याकडे चारही वर्ग येतात. म्हणून 'शिक्षक किती?' एवढ्यावर थांबू नका. 'मागच्या महिन्यात दोघंही शाळेत होते असे दिवस किती?' असं विचारा. कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही, पण ऑनलाइन माहिती भरण्यात किती वेळ जातो ते कुठल्याही गुरुजींना विचारा. त्यांचा यात दोष नसतो. पण तुमच्या मुलाचे तास बुडतात ते बुडतातच, म्हणून आकडा लिहून घ्या.

एका खोलीत दोन वर्ग बसलेले असतील, तर शिकवल्या जाणाऱ्या वर्गाकडे बघूच नका. दुसरा वर्ग त्या वीस मिनिटांत काय करतोय ते बघा. कार्ड घेऊन जोडीनं वाचत असतील, मण्यांनी गणितं करत असतील, मोठी मुलं लहानांना वाचून दाखवत असतील, तर गुरुजींना बहुवर्ग अध्यापन येतं. नुसतं 'धडा पाच बघून लिहा' चालू असेल, तर त्या मुलांची शाळा अर्ध्या वेळेचीच आहे.

वर्गात अर्धा तास

मागच्या कोपऱ्यात खाली बसा. वहीत वर्गाचा कच्चा नकाशा काढा, प्रत्येक मुलासाठी एक टिंब. शिक्षकांनी ज्याला प्रश्न विचारला त्या टिंबाला खूण करा. अर्ध्या तासानं चार टिंबांवर सगळ्या खुणा आणि बाकीची कोरी, असं चित्र दिसतं का? पुढच्या बाकावरच्या चौघांच्या खांद्यावर अख्खा तास निघाला, तर वर्ग उत्साही भासतो आणि शिकत मात्र चौघंच असतात.

चुकलेल्या उत्तरावर शिक्षक काय करतात तेही बघा. 'बस खाली' म्हणून पुढच्याकडे वळतात, की 'हे कसं काढलंस सांग बरं' म्हणतात? दुसरं ऐकू आलं, तर भिंतीचा रंग उडालेला असला तरी ती शाळा यादीत ठेवा. वर्गात छडी दिसली, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. 'नुसती धाक दाखवायला' हे उत्तर मान्य करू नका.

फरशीवरच्या रंगीत आकृत्यांबद्दलही दोन शब्द. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे शिक्षण विभागानं केलेला शाळांचा गट) ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं अशा पद्धतीनं शिकवायला सुरुवात झाली, आणि राज्यभरातून शिक्षक ते बघायला येऊ लागले. नंतर फरशा सगळीकडे रंगल्या, पद्धत मात्र सगळीकडे पोचली नाही. ओळखायची खूण सोपी: रोज वापरातल्या फरशीचा रंग मुलांच्या बसण्यानं झिजलेला असतो. कोरीकरकरीत फरशी आणि त्यावर सरळ रांगेत मांडलेली बाकं म्हणजे ती सजावट. टीव्हीचंही तसंच. 'काल यावर काय बघितलं?' हे मुलालाच विचारा.

वाचनाची चाचणी

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. इथे वेळ द्या.

शिक्षकांची परवानगी घ्या आणि तिसरीची सहा मुलं निवडा. निवड हजेरीपटावरून: पट 18 असेल तर क्रमांक 3, 6, 9, 12, 15, 18. 'ही आमची हुशार मुलगी' म्हणून पुढे केलेलं मूल ऐका, कौतुक करा, पण मोजणीत धरू नका. पट दहाच्या आत असेल तर सगळीच मुलं घ्या. एकेकाला बाजूला, ओसरीवर बसवा. सगळ्यांसमोर वाचायला लावलं, तर तुम्ही त्याची भीती मोजाल.

पाठ्यपुस्तक वापरायचं नाही, कारण धडे पाठ असतात. मूल ओळींऐवजी तुमच्या तोंडाकडे बघून घडाघडा म्हणतंय, तर ते वाचत नाही. खात्री करायला मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा. नवा उतारा मोठ्या, सुट्या अक्षरात लिहून न्या. हा घ्या बरोबर 60 शब्दांचा:

रानात सकाळी पाऊस पडला. आजीने म्हशीला गोठ्यात बांधलं. सोनू छत्री घेऊन ओढ्याकडे गेली. ओढ्याला पाणी वाढलं होतं. पलीकडे तिचा मित्र उभा होता. त्याला शाळेत यायचं होतं. सोनूने हात हलवून सांगितलं, 'आज पुलावरून ये!' तो लांबचा रस्ता चालत आला. दोघेही भिजले. बाईंनी त्यांना चुलीजवळ बसवलं आणि गरम खिचडी दिली. मग दोघांनी वर्गात ओढ्याचं चित्र काढलं. चित्रात पूल मोठा होता, ओढा छोटा.

लहान वर्गांतलं वाचन-गणित पक्कं करण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं (सुरुवात 5 जुलै 2021) उद्दिष्ट असं: दुसरीअखेर मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीअखेर किमान 60 शब्द, अर्थ समजून. म्हणजे वर्षअखेरीला तिसरीच्या मुलानं हा उतारा मिनिटभरात संपवायला हवा. ऑगस्टमध्ये गेलात तर तिसरीची मुलं नुकती दुसरीतून आलेली असतात, तेव्हा सव्वा मिनिट लागलं तरी ठीक.

वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारा. ओढ्याला काय झालं होतं? मित्र लांबच्या रस्त्यानं का आला? चित्रात पूल मोठा का काढला असेल? पहिल्याचं उत्तर उताऱ्यातच आहे. दुसऱ्याला दोन वाक्यं जोडावी लागतात. तिसऱ्याला ठरलेलं उत्तर नाही, मूल काहीतरी कारण देतं का एवढंच बघायचं. भराभर वाचून तिन्हींना गप्प बसणारी मुलं जास्त असतील, तर शाळेत वाचनाचा सराव होतो, वाचलेल्यावर बोलणं होत नाही.

चुका कुठल्या होतात त्याची नोंद ठेवा. 'म्हशीला', 'गोठ्यात', 'रस्ता' अशा जोडाक्षरांवर अडणारं मूल मार्गावर आहे, त्याला सराव कमी पडलाय. पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द ठोकून देणारं, 'पलीकडे'चं 'पळाली' करणारं मूल अंदाजानं चाललंय. त्याच्याकडे कुणीतरी रोज दहा मिनिटं बसायला हवं. काना-मात्रेलाच अडखळत असेल, तर ते पहिलीतच मागे राहिलंय आणि दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलेलं नाही. एक गोष्ट मात्र चूक धरायची नाही: 'होतं'चं 'व्हतं' वाचणं. ती घरची बोली आहे आणि मुलाला अर्थ कळलाय. त्यावर शिक्षक हसतात का, हे मात्र टिपून ठेवा. ज्याच्या बोलीला हसलं जातं, ते पोर पुढे तोंड उघडत नाही.

जानेवारीत सहापैकी चार-पाच मुलांनी उतारा समजून वाचला, तर निश्चिंत राहा. तीन असतील तर शिक्षकांशी बोलायला हवं. दोन किंवा कमी म्हणजे अडचण शाळेची आहे, मुलांची नव्हे. हे आमचे व्यवहारी ठोकताळे, सरकारी निकष नव्हेत. तालुक्याच्या इंग्रजी शाळेशी तुलना करत असाल तर तिथेही हेच करा, इंग्रजीतला सोपा, नवा उतारा देऊन. तिथे अर्थाचे प्रश्न मराठीत विचारले तरी चालतील. निकालानं बरेच पालक चकित होतात.

गणित: चार उदाहरणं पुरतात

आधी 39, 93, 59, 76 असे आकडे दाखवून वाचायला सांगा. मग 'एकोणऐंशी' आणि 'सदुसष्ट' तोंडी सांगून लिहायला लावा. मराठीत संख्यांची नावं उलटी चालतात, एकक आधी आणि दशक नंतर, म्हणून इथे गोंधळ होतो. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'सत्तर दोन' अशी वाचनपद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला, तो या अडचणीवरूनच.

मग वजाबाक्या. तिसरीला 46 वजा 28. उत्तर 22 आलं तर मुलानं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केलाय. चौथीला 503 वजा 278. बरोबर 225, ठरावीक चूक 375. ही चूक निष्काळजीपणाची नाही. गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात न देता हातच्याचा नियम पाठ करून घेतला, की वर्गातली निम्मी मुलं तीच चूक करतात. पाठोपाठ 624 भागिले 6. उत्तर 104, मधलं शून्य गाळून 14 लिहिणारी मुलं भेटतील. 'सहाशेतून सहा जणांना वाटलं तर प्रत्येकाला शंभर तरी येतील ना?' असं विचारल्यावर जे मूल स्वतः थबकतं, त्याला गणित समजतंय. शेवटी तोंडी: 35 रुपयांची साखर घेतली, 50 ची नोट दिली, परत किती? बाजारात हे चटकन सांगणारं पोर वहीत वजाबाकी चुकतं, हे नेहमीचं. त्या दोन्हींची सांगड घालणं हे शाळेचं काम.

वह्या तीनच बघा: एक हुशार, एक मधलं, एक मागे पडलेलं मूल. तिन्हींत शब्दाला शब्द तीच उत्तरं असतील तर फळ्यावरून किंवा गाइडवरून उतरवलंय. चुकीच्या गणितावर लाल बरोबरची खूण दिसली, तर वही न वाचता तपासली गेली.

खिचडी, पाणी, संडास

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल असं प्रमाण आहे. 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ, 700 उष्मांक, 20 ग्रॅम प्रथिनं. म्हणजे पहिली ते चौथीची 40 मुलं हजर असतील, तर त्या दिवशी 4 किलो तांदूळ, 800 ग्रॅम डाळ, 2 किलो भाजी लागते. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचारा, त्या लगेच सांगतात. चव रजिस्टर मागा: वाढण्याआधी कुणी चाखलं, त्याची सही रोजच्या रोज हवी. महिन्याभराच्या सह्या एका पेनानं, एका दमात मारलेल्या डोळ्यांना कळतात.

स्वच्छतागृह 'दाखवा' म्हणा, 'आहे का' नको. किल्ली शोधायला लागली, की उत्तर मिळालं. आतून कडी, पाणी, मुलींसाठी वेगळी सोय, लहानांच्या उंचीचा नळ. पाचवी-सहावीच्या मुली दुपारपर्यंत पाणी पीत नसतील, तर कारण बहुधा इथेच आहे.

समिती

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांतून, सचिव मुख्याध्यापक. इतिवृत्ताची वही चाळा, पण खरी तपासणी बाहेर आहे. सदस्य असलेल्या एखाद्या आईला गाठा आणि विचारा, 'मागच्या मीटिंगला काय ठरलं?' 'सही करायला बोलावलं होतं' असं उत्तर आलं, तर समिती कागदावर आहे.

आपल्या मुलखाचे वेगळे प्रश्न

वाळवा, कराड, पलूस, कडेगावच्या ऊसपट्ट्यात दिवाळीच्या आसपास तोडीच्या टोळ्या उतरतात. फडावरच्या कोप्यांतली मुलं शाळेत दिसतात का? त्यांना दाखल्याअभावी परत पाठवता येत नाही, आणि वयानुसार वर्गात घ्यावं लागतं. तुमचं मूल टोळीतलं नसलं तरी हा प्रश्न विचारा. चार महिन्यांसाठी आलेल्या पोराला जी शाळा अक्षरं शिकवते, ती तुमच्या मुलालाही आजारपणानंतर मागे राहू देणार नाही.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडे उलटं चित्र: इथली कुटुंबं बाहेर जातात. कुणी तोडीला, कुणी मेंढरं घेऊन, विटा-आटपाडीकडचे गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी पार परराज्यांत. अशा शाळेत पटाची गळती दिसली म्हणून नाक मुरडू नका. मुलं परतल्यावर शाळा काय करते ते विचारा. जतच्या सीमाभागात कन्नड माध्यमाच्याही जिल्हा परिषद शाळा आहेत. घरी कन्नड असलेलं मूल मराठी शाळेत घालणार असाल, तर पहिलीच्या शिक्षकांना कामापुरतं कन्नड येतं का, हे पाहणं बाकी सगळ्याहून महत्त्वाचं.

कृष्णाकाठी 2005, 2019 आणि 2021 च्या पुराची खूण बऱ्याच शाळांच्या भिंतीवर आहे. वायरिंग आणि बोर्ड त्या खुणेच्या वर बसवलेत का, जुन्या खोल्यांचं निर्लेखन (धोकादायक म्हणून वापरातून काढणं) झालंय का आणि झालं असेल तर तिथे आजही वर्ग भरतो का, एवढं बघा.

आणि शिष्यवृत्ती. नवोदय, सैनिक स्कूल, शिष्यवृत्ती यांच्या निकालाचे फ्लेक्स आपल्याकडे चौकाचौकांत लागतात. साताऱ्यात 1961 पासून सैनिक स्कूल आहे, त्यामुळे ही हौस जुनी. पण फ्लेक्सवर तीन फोटो असतील, तर वर्ग कितीचा होता ते विचारा. परीक्षेला बसवलेली मुलं आणि वर्गातली मुलं यांतला फरक मोठा असेल, तर जादा तास कुणासाठी होतात आणि त्या वेळी उरलेली मुलं काय करतात, हा पुढचा प्रश्न.

सापडलेलं घेऊन काय करायचं

एका पानावर लिहा: आकडे, सहा मुलांचे निकाल (नावं न घालता), तीन अडचणी. ते पान आधी मुख्याध्यापकांच्या हातात द्या. बऱ्याच गोष्टी, किल्ली, दहा मिनिटांचा वाचनाचा तास, चव रजिस्टर, तिथेच सुटतात. खोली, शिक्षकाचं रिकामं पद यांसाठी समितीचा ठराव करून घ्या, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मुलाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर ही पायरी-पायरी विसरा आणि 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.

तीन महिन्यांनी परत जा, त्याच सहा मुलांना ऐका. उतारा मात्र नवा न्या. जुना एव्हाना सगळ्या वर्गाला पाठ झालेला असतो.